साफ केलेला नकाशा

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट एकदम स्वच्छ दिसली की चैन पडत नाही. तिच्यात कुठेतरी डाग असणारच, फक्त आपल्याला दिसत नाहीये, अशी त्यांची खात्री असते. लग्नाआधी माझ्यात काय दिसलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

दोष गजाननरावांचा नाही, मिलचा. तपासणी खात्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि हे चिमट्यानं गाठी, सुटे धागे, काडीकचरा टिपून काढायचे. अख्खी मिल त्यांना मास्टर म्हणायची. मग मिल बंद पडली, गेटला सील लागलं. देश खुला झाला म्हणे त्याच सुमारास. आमचं तेवढं बंद झालं.

मी कंप्युटर शिकले ते एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे, मालक जेवायला गेला की त्याच्या खुर्चीत बसून. पुढे सेकंडहँड मशीन घेतलं, तुकोगंजात एका इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडलं आणि ह्यांनाही शिकवलं. टायपिंग त्यांना कधी जमलं नाही. पण सफाई! आमच्या धंद्यात फाइल एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की 'शुभ विवाह'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं नि कंस सांडलेले दिसतात. त्याला आम्ही कचरा म्हणतो. कचरा काढायचा, मग छापायचं. हे काम ह्यांनी असं उचललं की जणू मिल परत सुरू झाली. चष्मा नाकावर, मान पुढे, आणि माउसनं एकेक कण टिपणं चालू. आमच्याकडची छपाई स्वच्छ असते, असं बाजारात नाव झालं.

मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांची लाइन आहे. मिल गेली, लाइन राहिली. ह्यांची बहीण सरला तिथेच राहते. तिचा मुलगा रजत पीथमपूरला ठेकेदाराकडे लागला आहे, आणि त्या उन्हाळ्यात त्याची बायको रुची पोटुशी होती. लाइनीत पाण्याची बोंब. टँकर आला तर आला. मागच्या अंगाला मिलच्या रंगखात्याशेजारी एक बोरिंग होतं, त्याला पाणीही होतं, पण तपासल्याशिवाय उघडायचं नाही म्हणून त्याला कुलूप होतं.

तपासायचं मनावर घेतलं अरुंधती डॉक्टरांनी. त्या महूच्या एका दवाखान्यात नोकरीला, पण सुट्टीचा दिवस लाइनीतल्या बायकांसाठी ठेवलेला. रंगखात्यातलं क्रोमियम जमिनीत मुरलं असेल, अशी त्यांना शंका. ते पाण्याच्या रंगात दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि पोटातल्या बाळाला सोडत नाही, असं त्या म्हणायच्या. आसपासच्या सगळ्या विहिरी-बोरिंगांचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं. आलेले आकडे त्यांच्या पुण्याच्या भावाकडे, हृषीकेशकडे गेले. त्यानं कंप्युटरवर त्याचा नकाशा काढला. मधे मिल, भोवती प्रत्येक विहीर आपापल्या जागी. पाणी चांगलं तिथे पोकळ गोल, वाईट तिथे काळा ठिपका. खालची ओळ मी आधीच हिंदीत टाइप करून ठेवली, 'जहाँ काला बिंदु है, वहाँ का पानी न पिएँ.' न शिकलेल्यालाही कळावं, म्हणून आकडा एकही नाही.

नकाशा ईमेलनं यायचा होता शनिवारी. त्याच दिवशी रुचीचं डोहाळजेवण. "तू जा," हे म्हणाले, "चित्र मी लावतो. त्यात काय टाइप करायचंय?" डॉक्टरांचा महूहून फोन आला, दोन दिवस ड्यूटी सुटत नाही, लावा आणि छापून टाका, उद्या लाइनीच्या सभेत वाटायचं आहे.

मी गेले. सरलानं दोन डबे उसनं पाणी आणून स्वयंपाक केला होता. रुची हिरव्या साडीत पाय पसरून बसलेली, पावलं सुजलेली.

"मामी, बोरिंग खुल गया ना, तर पहिलं मी डोक्यावरून न्हाणार," ती म्हणाली. "टँकरच्या मागे पळून पळून हे बाळ पण ॲथलीट निघेल बघा."

"आधी कागद येऊ दे," सरला म्हणाली. "वहिनी, तुम्हारे हाथ में है. चांगला छापा हं!"

मी हसले. छापण्यानं पाणी चांगलं होत असतं तर अजून काय हवं होतं!

सोमवारी सकाळी डॉक्टर महूच्या बसमधून उतरून थेट दुकानात आल्या. ह्यांनी मोठ्या अभिमानानं एक कागद त्यांच्यापुढे धरला. खरंच देखणा छापला होता. पांढऱ्या शुभ्र कागदावर मिलचा चौकोन आणि लांब लांब विखुरलेले नाजूक गोल.

डॉक्टरांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. परत सुलटा केला.

"काका, ठिपके कुठे आहेत?"

"हे काय, गोल."

"गोल नाही. काळे ठिपके."

"काळं काही नव्हतं, मॅडम," हे म्हणाले. "कचरा बहोत आला होता फाइलसोबत. उभ्या उभ्या बारीक काड्या, धाग्यासारख्या. मिलच्या भोवती तर पुंजकाच. एकेक करून काढला. सगळी दुपार गेली."

डॉक्टर स्टुलावर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता, आणि त्यालाच मी घाबरले. "काका, त्या काड्या नव्हत्या. हृषीकेशचं मशीन वेगळं, तो लिनक्सवर काम करतो. त्याचं सॉफ्टवेअर पोकळ गोल रेषेनं काढतं, पण भरीव ठिपका काढत नाही, चिन्हांच्या फॉन्टमधून उचलतं. ठिपका म्हणजे त्या फॉन्टमधलं एक अक्षर. तुमच्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल, म्हणून त्या जागी नुसतं इंग्रजी एल उमटलं. प्रत्येक काडी म्हणजे एक वाईट विहीर होती."

मी आतापर्यंत हजार वेळा 'शुभ विवाह'चा कचरा झालेला बघितला आहे. कचऱ्याच्या जागी खरं काय होतं, हे आम्हाला नेहमी आधीच माहीत असायचं, म्हणून कधी भीती वाटली नव्हती.

हे हात मांडीवर पालथे ठेवून बसले. मग म्हणाले, "बोरिंगच्या जागी होती एक. रंगखात्याला चिकटून. सगळ्यांत आधी तीच काढली."

"कुलूप अजून आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

कुलूप आज उघडणार, हे सरलानं मला काल सांगून ठेवलं होतं. सभेत सगळ्यांनी कागद बघितला, काळा बिंदू कुठेच नाही, किराणावाले पांडुरंगजी नारळ आणणार. आपल्या बोरिंगवर गोल पण नाही, असं कोणीतरी म्हणालंही होतं म्हणे. त्यावर उत्तर मिळालं, इतकं चांगलं पाणी आहे की लिहायची गरजच पडली नाही.

लाइनीत फोन एकच, पांडुरंगजींच्या किराणा दुकानात. तो वाजत राहिला. "मी महापालिकेत अर्ज देऊन कुलूप लावायला माणूस आणते," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा, कोणाला पिऊ देऊ नका." आम्ही रिक्शा केली. रस्ताभर हे खिडकी नसलेल्या त्या रिक्शात बाहेर बघत होते, आणि बोटांची चिमूट उघडत-मिटत होते. मी त्यांचा हात धरला. चिमूट आत चालूच राहिली.

मोटरचा आवाज लाइनीच्या तोंडाशीच ऐकू आला.

बोरिंगला झेंडूची माळ होती. जाड पाइपातून पाणी पडत होतं, काचेसारखं. बायकांची रांग पार मिलच्या भिंतीपर्यंत गेलेली, पोरं चिखलात नाचत होती. इतकं हसू मी त्या लाइनीत गेट बंद झाल्यापासून बघितलं नव्हतं.

"आओ मास्टर, आओ!" पांडुरंगजी ओरडले. "तुमच्याच हातचा कागद. पहला लोटा आपका!"

"मोटर बंद करा," हे म्हणाले.

"क्या?"

"कागज गलत है. काळे ठिपके होते त्याच्यावर. मीच काढले. मला कचरा वाटला. इथेच होता एक, इथेच."

कोणीतरी खुदकन हसलं.

"भिया, मास्टर सठिया गए! बुद्धी नाठी!"

"छपा हुआ गलत, और मुंहजबानी सही?" पांडुरंगजी म्हणाले. "मास्टर, तुम्ही तर डाग शोधून काढणारे. डाग होता आणि तुम्हाला दिसला नाही? कौन मानेगा?"

"डॉक्टरबाई येतायत," मी म्हणाले. "अर्ज घेऊन गेल्यात. तोपर्यंत थांबा, एवढंच."

"अच्छा! कुलूप परत लावणार," मागून एक जण पुढे आला. "मिलची जमीन विकायची आहे ना, बाई? पाणी तोड दो, लाइन आपोआप रिकामी. बिल्डरनं किती दिले मास्टरला?"

कोणी हसलं नाही यावेळी. मला ते हसणं परत यावंसं वाटलं.

सरला बादली घेऊन रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती, चिडून नाही, विनवल्यासारखी, की वहिनी, आजच्या दिवस तरी नको. तिच्या मागे भिंतीच्या सावलीत रुची बसली होती. ओले केस पाठीवर सोडलेले. हातात स्टीलचा गिलास.

"रुची, प्यायलीस?"

"मामी, मी तर सुबह से पी रही हूं," ती म्हणाली. तिनं ओठ पुसले. "मोटर टेस्टिंगला चालवली ना, तेव्हापासून. गोड आहे एकदम. का? काय झालं?"

मी तिच्या हातातून गिलास घेतला आणि ओतून टाकला. पाणी मातीत गेलं, मागे काही राहिलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. सरलानं ते बघितलं. तिनं आपली बादली उलटी केली आणि रांगेतून बाहेर आली. तिची जागा पुढच्या बाईनं लगेच भरली.

"मोटरचं बटण कुठे आहे?" ह्यांनी विचारलं. बटणापुढे दोन पोरगे हाताची घडी घालून उभे राहिले.

मग हे चिखलात उतरले. पाइपाच्या तोंडाशी बसले आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. सदरा छातीपर्यंत भिजला. "काका, हटो," कोणी म्हणालं. "मास्टर, शोभतं का हे," कोणी म्हणालं. त्यांनी मान वर केली नाही. मी रस्त्याकडे बघत होते. डॉक्टर येताना दिसत नव्हत्या.

पाण्याला जोर होता. ते त्यांच्या बोटांच्या फटींतून चहूबाजूंनी उसळायला लागलं. आधी एका बाईनं बाजूनं कळशी पुढे केली, मग दुसरीनं तपेली. बघता बघता बोटाबोटाखाली एकेक भांडं लागलं.