संत निकोलसच्या दिव्याचं तेल

स्टॅमॅटिसला काचेच्या नळीत सरकवायचं तेवढं बाकी होतं. समुद्रतळाचे स्पंज काढताना माझ्या नवऱ्याच्या पायाला कापलं काय आणि त्याचं विष मांडीपर्यंत चढलं काय! सर्जननी सडलेलं मांस कापून काढलं होतं, शिरेतून औषधं चालू होती. जोडीला या बंद नळीत दाबाखाली प्राणवायू देऊन बघू, म्हणाले. मांडीवर पेनाने आखलेल्या रेघेच्या वर लाली गेली, तर पाय काढायचा.

नळीचं यंत्र चालवणाऱ्या डुएनने स्टॅमॅटिसच्या गळ्यातला क्रॉस काढून माझ्याकडे दिला आणि अंगाला तेल, मलम काही लावलंय का ते विचारलं. माझ्या सासूबाई, कॅलिओपी, ठसक्यात नाही म्हणाल्या.

मी स्टॅमॅटिसच्या कपाळावर ओठ टेकवले, तर ओठांना तेल लागलं. वास आमच्या चर्चमधल्या वातीचा होता.

"आई, तुम्ही याला तेल लावलंत?"

"तेल कुठलं? संत निकोलसच्या दिव्यातला प्रसाद आहे तो. कपाळाला लावलाय, छातीला, पट्टीच्या कडेला."

डुएनचा चेहरा पांढराफटक पडला. आत निव्वळ प्राणवायू असतो, पेट घ्यायला तेलाचं बोट आणि एक ठिणगी पुरते, असं तो हळू आवाजात म्हणाला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग नर्सने स्टॅमॅटिसला पुसून काढलं, पट्टी बदलली. तेवढ्यात लाली किती चढली असेल या विचाराने मला सासूबाईंचा गळा धरावासा वाटत होता.

शेवटी दार लागलं. आत स्टॅमॅटिस नाक दाबून कान मोकळे करत होता, पाण्यात उतरताना करतो तसे. सासूबाई मात्र बेसिनपाशी हात घासत राहिल्या.

"मी त्याला जाळलं असतं का गं?"

वर्षानुवर्षं साठवलेलं बरंच काही माझ्या तोंडाशी आलं. मी एवढंच म्हटलं, "हो."

त्याला बाहेर काढल्यावर सर्जननी वाकून बघितलं. लाली रेघेच्या आतच होती. उद्या पुन्हा नळीत घालायचं ठरलं. मला रडू फुटलं.

स्टॅमॅटिसने आईकडे हात पुढे केला. त्यांनी आपले दोन्ही हात कोटात लपवले.

"तू धर गं पोरी. माझ्या हातांना अजून तेल आहे."

त्यांचे हात तर घासून घासून सोलवटले होते.