जाफाच्या पेटीवरची दोन नावं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, संत्र्यांची. वय नव्वदीच्या घरात. आता माझ्यात मस्कतच्या आमिनाखालाच्या, म्हणजे आमिनामावशीच्या, चादरी असतात. तरी ऊन लागलं की फळ्यांना संत्र्यांचा वास येतो, असं ती म्हणते. खरं सांगायचं तर हे तिचं प्रेम. इतकी वर्षं कुठला वास टिकतो?

माझा जन्म पॅलेस्टाईनमधल्या जाफा बंदराजवळचा. तिथे आमिनाखालाच्या वडिलांची संत्र्यांची बाग होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. बांधाला बांध लागून याकोव नावाच्या ज्यू माणसाची बाग. युरोपात ज्यूंचा छळ चालला होता, म्हणून तो पोलंडहून आला होता. आपल्या पूर्वजांची भूमी हीच, असं तो मानायचा. दोघं एकाच शेडमध्ये फळं भरायचे. एका हंगामाची पहिली पेटी त्यांनी बोटीवर न चढवता घरी ठेवली. ती मी. त्या कौतुकात दोघांनी माझ्या फळीवर काळ्या रंगात आपापलं नाव लिहिलं, एक अरबीत, एक हिब्रूत. माझा रुबाब काय वर्णावा.

पण देश या दोघांच्या हातात नव्हता. चारशे वर्षं तुर्कांचं राज्य, मग इंग्रजांचं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली आणि ज्यूंना राष्ट्रीय घराचा शब्द दिला. ज्यू येत राहिले, जमिनी घेत राहिले. जमीन विकणारा मालक बऱ्याचदा दूर शहरात असे आणि उठून जावं लागे ते तिथल्या अरब कुळाला. दंगे झाले, बंड झालं. मग हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले आणि वाचलेल्यांना जायला जागा उरली नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी फाळणी सुचवली. ज्यू नेत्यांनी ती मानली. आपली जमीन आपण का वाटून द्यायची, असं म्हणत अरबांनी नाकारली.

लढाई पेटली. १९४८ साली जाफावर तोफगोळे पडू लागले, तेव्हा सहा वर्षांची आमिना घरच्यांबरोबर होडीत बसली. घाईघाईत कपडे माझ्यात कोंबले होते. चार दिवसांत परतू, असं सगळे म्हणत होते. त्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरं सोडून गेले आणि त्यांना परतू दिलं गेलं नाही. पुढे अरब देशांतल्या लाखो ज्यूंचीही घरं सुटली. आमची वाट गाझा, कुवेत आणि शेवटी मस्कत.

यंदा माझ्या तळाला वाळवी लागली. आमिनाखालाचा नातू जिब्रान मला मस्कतमधल्याच गाला नावाच्या औद्योगिक वस्तीत झुबेरच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला. झुबेर रत्नागिरीकडचा सुतार, हात सोन्याचा आणि तोंड फटकळ.

जिब्रानने हिब्रू नावावर बोट ठेवलं. "तळ बदल आणि हे रंध्याने घासून टाक. खलास."

गाझात त्याचा मामेभाऊ बॉम्बहल्ल्यात गेला होता. पोराचे डोळे सुजलेले होते. मला त्याचा राग आला नाही, पण भीती मात्र वाटली. रंधा एकदा फिरला की त्या शेडचा उरलेला एकमेव पुरावा गेला.

झुबेरने रंधा हातात घेतला आणि खाली ठेवला. "पेटी कोणाची?"

"आजीची."

"मग तिला बोलव. आमच्या कोकणात आंब्याच्या पेटीवर बागवाल्याचं नाव असतं. नाव घासलेली पेटी चोरीची समजतात. मी चोरीचा माल बनवत नाही, भाई."

गिऱ्हाईक तुटेल याची त्याने पर्वा केली नाही. खरं सांगते, मी आयुष्यात पुष्कळ सुतार पाहिले, असा पाहिला नाही.

आमिनाखाला काठी टेकत आली. झुबेरने तोडक्यामोडक्या अरबीत तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली.

"ज्यांनी आपला माणूस मारला, त्यांची अक्षरं घरात ठेवायची?" जिब्रानने विचारलं.

"त्याच्यासाठी मी रोज रडते," आजी म्हणाली. "पण हे नाव माझ्या बाबांच्या देखत लिहिलंय. चोरी आपल्या घराची झाली, बेटा. पेटी आपली आहे. तिला तू चोरीची का करतोस?"

जिब्रान माझ्याशेजारी उकिडवा बसला. त्याने विचारलं, "याकोवचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही. त्यानेही आमचं काय झालं ते विचारलं असेल की नाही, कोण जाणे."

झुबेरने तळाला सागवानी फळी बसवली आणि नावांच्या फळीला नुसतं तेल चोळलं. मला उचलण्याआधी जिब्रान वाकला आणि आजीने अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत उच्चार सांगितला तसं त्याने ते परकं नाव एकदा हळूच वाचलं. मग पणजोबांचं वाचलं. दुसरं वाचताना त्याला रडू फुटलं.

मित्रांनो, माझ्यावर नावं राहिली म्हणून आमिनाखालाचं घर परत मिळालं नाही, की जिब्रानचा मामेभाऊ परत आला नाही. एवढी ताकद लाकडात नसते. पण जुनी वस्तू दुरुस्तीला घ्याल, तेव्हा हत्यार उचलण्याआधी तिच्यावर कोणाकोणाची नावं आहेत ती सगळी वाचा. आपल्याला आवडणारं वाचा आणि डोळ्यांत खुपणारंही वाचा. कारण घासून टाकलेल्या फळीवर पुन्हा कुणीही काहीही लिहू शकतं.