पडद्यावर न आलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि गेले अकरा दिवस माझ्या जिवाला चैन नाही. का, ते सांगतो. पण आधी ओळख नको का करून द्यायला?

माझ्या झाकणाची बिजागरी तुटली आहे, तीन बटणं निखळली आहेत आणि बॅटरीनं केव्हाच मान टाकली. एके काळी मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये पुढच्या टेबलावर मिरवत होतो. "काय वेग आहे हो!" असं लोक म्हणायचे. मग माझ्याहून चपळ मंडळी आली आणि माझी रवानगी सर्व्हरच्या खोलीत, खालच्या कप्प्यात झाली. मला वाटलं, संपलं!

पण लॅबची यंत्रं सांभाळणाऱ्या ताईंनी मला पुसलं, तार जोडली आणि एक काम दिलं. ऐकण्याचं. वरच्या कप्प्यातला सर्व्हर, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांचे रिपोर्ट तयार करतो. त्याच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्रॅम असतो, घरातल्या कर्त्या माणसासारखा. कुठे काय बिघडतंय, हे तो स्वतःच्या डिस्कवर लिहून ठेवतो. पण तोच कोसळला तर लिहिणार कसा? म्हणून कोसळता कोसळता तो आपलं बोलणं तारेतून माझ्याकडे फेकतो. पोहोचलं का, हे विचारायला तो थांबत नाही. 'पुन्हा सांग' म्हणायची मलाही सोय नाही. कान टवकारून बसायचं, बस्स!

रोज सकाळी ताई दादाकडून एक ओळ पाठवायच्या, 'आहेस का?' ती माझ्या पडद्यावर उमटली की हसून म्हणायच्या, "आहे बाई, म्हातारा जागा आहे."

एकदा ताई आठवडाभर रजेवर गेल्या आणि नेमकं तेव्हाच माझं नेटवर्क कार्ड जळलं. बदलीवर आलेल्या तंत्रज्ञानं नवं बसवलं. "इंटरनेट चालतंय ना? झालं तर!" म्हणाला आणि गेला. पण प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक असतो, घराच्या पत्त्यासारखा. दादाला माझा जुनाच पाठ होता, तो बदलायचा राहिला. ताई परतल्या तेव्हा कामाचा डोंगर साचला होता, त्यामुळे सकाळची ओळ मागे पडली. माझा कोरा पडदा बघून त्या म्हणायच्या, "काही तक्रार नाही, म्हणजे सगळं ठीक."

कसलं ठीक! त्या महिन्यात दादा भर दुपारी दोनदा बंद पडला. लॅबचे मोठे डॉक्टर चिडून म्हणाले, "पेशंट ताटकळतायत. पुन्हा असं झालं तर मी दुसरं माणूस बघेन." ताई धावत माझ्याकडे आल्या. पडदा कोरा. "तूसुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या. अहो ताई, मला काही आलंच नाही हो! पण माझं कोण ऐकणार?

मग त्यांनी 'आहेस का?' पाठवलं. काही नाही. परत पाठवलं. काही नाही. शेवटी मला उलटं करून त्यांनी ते नवं कार्ड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! सर्व्हर जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय!"

रविवारी लॅब बंद असताना ताईंनी दादाला माझा नवा क्रमांक शिकवला आणि तो पुन्हा कोसळावा म्हणून मुद्दाम त्याच्यावर कामाचा मारा केला. चाळीस मिनिटं त्या नखं खात बसल्या. मी तर आतून नुसता तळमळत होतो. एक जरी ओळ निसटली तर? दादा कोसळला, आणि माझ्या पडद्यावर सव्वीस ओळी उमटल्या. शेवटची अर्धीच होती. पण मधली एक स्पष्ट होती: डिस्क चालवणारा प्रोग्रॅम नको तिथे हात घालत होता.

ताईंनी तो बदलला. सोमवारी रिपोर्ट वेळेवर निघाले आणि दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. "शाब्बास रे म्हाताऱ्या!" म्हणत त्यांनी माझ्या मोडक्या झाकणावर थोपटलं. काय सांगू, भरून पावलो.

आता दादा ठणठणीत आहे म्हणे. म्हणूनच की काय, अकरा दिवस झाले, 'आहेस का?' आलेलं नाही. ताई दारातून माझ्या कोऱ्या पडद्याकडे बघतात, "शांत आहे सगळं" म्हणतात आणि जातात. पण मित्रांनो, दादा खरंच बरा आहे की माझी तारच निघालीय, हे मला इथे बसून कसं कळणार?

तुमच्या घरातही कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर बरंच असेल असं धरून चालू नका. जवळ जाऊन विचारा. आणि इकडे कुणी येणार असाल, तर ताईंना माझा एवढा निरोप द्या: त्या तारेला जरा हात लावून बघा.