माझ्या वाट्याचा घास

मी गिधाड बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. तुमच्यात कुणी हावरटपणा केला, की लगेच म्हणता, "गिधाडासारखे तुटून पडले मेले!" अहो, पण आम्ही मेलेल्यावर तुटून पडतो. जिवंताच्या वाटेला जात नाही. असं छातीठोकपणे तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल?

माझी पाठ पांढरी, मान उघडी. रूपाच्या नावानं सगळा आनंदच! पण मुंडकं आत घालून जेवायचं, तर मानेवर पिसं हवीत कशाला? सडकं मांस, रोगानं मेलेलं जनावर, सगळं आम्हाला पचतं. रोग आमच्या पोटात जातो आणि तिथंच संपतो. गावाबाहेरच्या मैदानात टाकलेली म्हैस आमचा थवा तासाभरात साफ करायचा.

त्या मैदानात एक कातडीवाला काम करायचा. कातडं सोलून तो बाजूला झाला, की आमची पाळी. आम्ही उतरलो की हसायचा. "आले बघा माझे सफाईवाले! पगार नको, सुट्टी नको, कटकट नको!" आम्ही लख्ख केलेली हाडं तो गोळा करून न्यायचा. त्यानं आमच्यावर कधी दगड उचलला नाही.

मैदानाच्या कडेला उंच झाडावर माझं घरटं. आम्ही वर्षाला एकच अंडं घालतो. एकच! म्हणून तर सगळा जीव त्यात अडकतो. एकानं घरट्यात बसायचं, दुसऱ्यानं पोटात भरून आणायचं आणि भरवायचं. माझा जोडीदार याबाबतीत मोठा नेमाचा. त्या वर्षी आमचं पिलू असं गुबगुबीत झालं होतं, की त्याला माझीच दृष्ट लागेल असं वाटायचं.

एका सकाळी एक गाडीवान आपला मेलेला बैल घेऊन आला. लहान पोरासारखा रडत होता. कातडीवाल्याला म्हणाला, "बारा वर्षं ओझं ओढलं रे यानं. पाय सुजला, उठता येईना. गुरांच्या डॉक्टरांचे पाय धरले. म्हटलं, वाचत नसेल तर राहू द्या, पण त्याला दुखू देऊ नका. दोन दिवस सुया दिल्या त्यांनी. शांतपणे गेला बिचारा."

वर मला सगळं ऐकू येत होतं. भला माणूस आहे हा गाडीवान, असं मनात आलं. आजही मी त्याला वाईट म्हणत नाही.

त्या दिवशी घरट्यात बसायची पाळी माझी होती. जोडीदार पोट भरून आला. थोडं पिलाला भरवलं, थोडं माझ्यापुढं ओतलं. मी दोन दिवसांची उपाशी होते. पण पिलू अजून चोच वासून ओरडत होतं. आईचं मन ते! माझ्या वाट्याचं सगळं मी त्याच्यापुढं सरकवलं. खा बाळा, मी उद्या खाईन.

दुसऱ्या दिवशी पिलाची मान लोंबायला लागली. मी त्याला पंखाखाली घेतलं, चोचीनं हलवलं, पण ते काही बघेना. संध्याकाळी गेलं. जोडीदार एक दिवस जास्त काढून फांदीवरून खाली कोसळला. खाली बघते तर मैदानभर आमचाच थवा मरून पडलेला.

कातडीवाल्यानं डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी एकाचं पोट उघडून पाहिलं. आत सगळीकडे चुन्यासारखा पांढरा थर. डॉक्टरांनी मान वळवून त्या बैलाच्या हाडांकडे पाहिलं.

"तुमच्या सुईनं?" कातडीवाल्यानं विचारलं.

"बैलाला चालतं रे ते औषध, पण मांसात उरतं. ते खाल्लं की यांची मूत्रपिंडं जातात, मग हा पांढरा थर साचतो. मी वाचलं होतं! पण गाडीवान रडत होता आणि पेटीत तेच होतं. यांचा विचारच आला नाही मनात."

"दुसरं औषध नाही?"

"आहे ना. तेही दुखणं थांबवतं आणि यांना मारत नाही."

एरवी कातडीवाल्याची जीभ टाळूला लागत नसे.  त्या दिवशी एवढंच म्हणाला, "काय केलंत हो डॉक्टर!"

डॉक्टरांनी त्यानंतर ते औषध कधीच वापरलं नाही. पण कुठं कुठं ते अजून मिळतं म्हणे. मैदानात आता कुत्री माजली आहेत. कातडीवाला हातात काठी घेऊनच येतो. मढी आठवडाभर कुजत पडतात आणि वास पार घरांपर्यंत जातो.

आणि मी? तो घास खाल्ला असता तर मीही गेले असते. बाळाला दिला म्हणून वाचले. असलं वाचणं वैऱ्याच्याही नशिबी नको.

यंदा मला नवा जोडीदार मिळाला. पुन्हा एक अंडं, पुन्हा एकच पिलू. आज खायला आणायची पाळी माझी आहे. खाली नुकतीच कुणीतरी एक म्हैस आणून टाकली आहे. मला मैलभर लांबचं दिसतं, पण तिच्या अंगात काय टोचलंय ते दिसत नाही. पिलू चोच वासून बसलंय. म्हैस आणणारा अजून फार लांब गेला नसेल. कुणीतरी त्याला विचारा हो. लवकर विचारा.