डेकवरचा निळा उजेड

बोटीच्या डेकचा तो फोटो मी चाळीस फोटोंतून निवडला होता. अंधारात रसायन फवारलं की रक्ताचा अंश असेल तिथे निळा उजेड दिसतो. या फोटोत अख्खा डेक आकाशगंगेसारखा पेटला होता. फोटो बघताना मी निर्विकार असते, असा माझा तेव्हापर्यंत समज होता.

जॅगो टियर्नी या खलाशावर बोटीच्या मालकाला लोखंडी आकड्याने मारून जखमी केल्याचा आरोप होता. मालक घसरून दारावर आपटला, नाक फुटलं, असं जॅगोचं म्हणणं. ज्यूरीला ते पटलं नाही, तर आठ वर्षं तुरुंग.

फोटो ज्यूरीला दाखवायचा की नाही, हे ठरवायला न्यायाधीशबाईंनी ज्यूरीला बाहेर पाठवलं आणि मला, रक्ताचे डाग तपासणाऱ्या तज्ज्ञाला, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं.

"डॉक्टर," जॅगोचे वकील गिलेस्पी म्हणाले, "यातलं माणसाचं रक्त किती?"

"दोन ठिपके. दाराजवळ. प्रत्येकी चार मिलिमीटर."

"बाकीचा उजेड?"

"माशांचं रक्त. आणि डेक धुतात ते ब्लीच, तेही तसंच चमकतं."

"म्हणजे मासेमारीच्या बोटीवर मासे सापडले."

सरकारी वकील रोवेना उठली. "पण ते ठिपके नेमके कुठे, हे फोटोत दिसतं, युअर ऑनर."

"दिसतं खरं." न्यायाधीशबाई माझ्याकडे वळल्या. "पहिल्यांदा पाहिलात तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

शपथ घेऊन बसले होते. "इथे कुणाची तरी खांडोळी झाली, असं."

"बोट मासेमारीची आहे, हे माहीत नव्हतं?"

"मी तिच्यावरच उभी होते. बुटांना खवले चिकटले होते."

"तुमची ही गत, तर ज्यूरीतल्या दंतवैद्याची काय होईल?"

फोटो बाद झाला.

"बये," बाहेर रोवेना म्हणाली, "इतकं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"शपथेत तसंच आहे."

जेवणानंतर ज्यूरी परतली. आता मी मोठ्या कागदावर डेकचा आराखडा काढून जागा दाखवायची होती. लाल पेनने दोन्ही ठिपके चांगले ठसठशीत काढले. ज्यूरीतल्या एक बाई पुढे झुकल्या. मला बरं वाटलं. जॅगोचा चेहरा मात्र उतरला.

मग मी प्रमाण मोजलं. आराखड्याच्या प्रमाणात ते डाग खऱ्या डेकवर जेवणाच्या ताटाएवढे ठरत होते.

"युअर ऑनर," मी म्हणाले, "नवा कागद मिळेल का? आणि पेन्सिल. बारीक टोकाची."