बिनभाड्याचं गॅरेज

भावाच्या गॅरेजमुळे आपल्याला काय काय मिळणार, याचा हिशेब बटणवाल्या बाईंनी दोन वर्षांपूर्वीच मनात मांडला होता. घरच्या लेथ यंत्रावर केलेली बटणं खोकी भरून एकदम सीमेपलीकडे त्याच्याकडे ठेवली, की तिथल्या गिऱ्हाइकांना एकेक पुडकं पाठवायचा टपालखर्च वाचणार, गिऱ्हाइकाला माल लवकर पोचणार, आणि गॅरेज सख्ख्या भावाचं, म्हणून भाडं शून्य. जे वाचेल त्यातून आईसाठी बाथरूम. जमेच्या बाजूला एवढी गर्दी झाली की खर्चाच्या बाजूला काय लिहावं हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते आता करसल्लागार सुचवत होता.

“मॅडम, हे गॅरेज नाही. गोदाम आहे.”

“अहो, धाकट्या भावाचं गॅरेज आहे ते. त्यात त्याची सायकल आहे, पोरांचा मोडका पाळणा आहे.”

“पाळण्याबद्दल तिथल्या सरकारची काही तक्रार नाही. तुमच्या बटणांबद्दल आहे. इथून थेट पाठवत होतात तोवर छोट्या विक्रीची सवलत होती. माल तिथे ठेवून तिथूनच विकायला लागलात, की सवलत संपली. पहिल्या बटणापासून कर.”

“पण मी गिऱ्हाइकांकडून कर घेतलाच नाही हो!”

“तेच तर. घेतला असतात तर त्यांच्या खिशातून गेला असता.” पुढचं वाक्य त्याने गिळलं, त्या सभ्यपणाचे तो वेगळे पैसे लावत नसे. “आपण होऊन कळवलंत तर दंड सोडतात. कर आणि व्याज सुटत नाही.”

त्याने कागद फिरवून पुढे सरकवला. खालचा आकडा बाईंच्या ओळखीचा निघाला. जवळजवळ तेवढाच आकडा मिस्त्रीने बाथरूमसाठी अंदाजाने सांगितला होता.

मिस्त्री संध्याकाळी मापं घ्यायला आला. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून बाथरूममधला आंघोळीचा टब म्हणजे घरातली एक भिंतच झाली होती. काठ गुडघ्याएवढा उंच, आणि आईचा पाय वीतभरही उचलत नसे. टबावर फळी टाकून पाहिली, तर आई फळीसकट आत जाता जाता वाचली. टब काढायचा, जमीन सपाट करायची, भिंतीला धरायला दांडा बसवायचा. एवढंच तर काम होतं.

“आरशाचं कपाट नको,” बाई म्हणाल्या. “रंग नको. फरशी साध्यातली घाला.”

मिस्त्रीने तेवढं यादीतून खोडलं. “अजून?”

“नुसता टब काढून वर सिमेंट ओतलं तर?”

“तर खालच्यांच्या स्वयंपाकघरात पाऊस पडेल, बाई. टब काढला की पाणी अडवायचं काम आलं, नळ हलवणं आलं, सोसायटीची अनामत आली. इथून खाली नाही येत आकडा. मीच फुकट राबलो तरी नाही, आणि फुकट तर मी राबणार नाही.”

“राहू दे म्हणावं तो टब,” आतून आईचा आवाज आला. “त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय कोणाचं?”

मिस्त्री गेल्यावर बाई लेथसमोर बसल्या. दिवसभराची बटणं घासायची राहिली होती. खांदे भरून आले होते. एक बटण घासलं आणि फोन उचलला.

“कोणाला लावतेस?” आईने विचारलं.

“त्याला. अर्धं तो देईल. त्याच्याच गॅरेजमुळे—”

“ठेव आधी तो फोन.”

“अगं पण—”

“नोकरी गेल्यापासून पोर तोंड लपवत होतं. गॅरेज दिलं तुला मालासाठी, तेव्हा कुठे मान वर करून बोलला. म्हणाला, आई, तुझ्यासाठी मला एवढं तरी करता आलं. आता त्याला सांगायचं, की बाबा रे, तेच आमच्या अंगाशी आलं?”

“आणि तुझी आंघोळ?”

“पुसतेस की रोज. मळ काही मला खात नाही.”

बाईंनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात कर भरला, सल्लागाराची फी भरली, नोंदणी केली. गॅरेजमधली खोकी परत आणणं शहाणपणाचं होतं. त्यांनी ती तिथेच राहू दिली.

रविवारी भावाचाच फोन आला. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पाठ उघडी, केस टॉवेलात बांधलेले. बाईंनी फोन तिच्यासमोर धरला.

“आई, झालं का गं बाथरूम?”

“झालं रे. एकदम सपाट. पाय म्हणून उचलावा लागत नाही.”

“बघ! म्हटलं नव्हतं मी? ताईला सांग, फोटो पाठव.”

“आंघोळीच्या जागेचे कसले फोटो मागतोस, मेल्या?”

पलीकडे तो इतका मोकळा हसला की आईही हसली. त्याचं हसणं बराच वेळ पुरलं. फोन बंद झाल्यावर बाईंनी कोमट पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि आईच्या पाठीवरून फिरवलं. आईने न सांगता हात वर केला. आता दोघींनाही क्रम पाठ झाला होता.

कर बाईंनी भरला, व्याजासकट. फीही त्यांनीच. भावाला छदामही पडला नाही. बाकीची किंमत आईने मोजली.