कोरा दिवस

सरांचं अणुकेंद्रक नाशपतीसारखं होतं. सरांचं म्हणजे, तीस वर्षं ते हात धुऊन त्याच्या मागे लागले होते म्हणून सरांचं. बाकीची केंद्रकं आपली गोल, फार तर लांबट. हे जडशीळ पोर मात्र एकाच बाजूने फुगलेलं, असा त्यांचा हट्ट. तो खरा करून दाखवला तिने, त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेने. आकार तसा असेल तर ठरावीक ऊर्जेचे किरण यायला हवेत, आणि तिच्या आलेखात नेमक्या त्या जागी एक इवलंसं शिखर उगवलं होतं. लेख छापून आला. तिची आई नातेवाइकांना सांगत सुटली, "ती फळांवर काहीतरी करते, मोठं नाव झालंय."

शुक्रवारी कणांचा झोत सोडणारं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. किरण टिपणारा डिटेक्टर बंद करायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने सहज आलेख उघडला. कणांचा झोत नाही, नमुना नाही, हॉलमध्ये काळं कुत्रं नाही, आणि शिखर जागच्या जागी.

तिने जुन्या नोंदी काढल्या. प्रत्येक प्रयोगाआधी एक कोरा दिवस पाळायचा असतो. यंत्र बंद ठेवून नुसत्या खोलीचे किरण मोजायचे आणि नंतर वजा करायचे. विटा, वाळू, सगळ्यातून थोडे येतच असतात. तीन वर्षांपूर्वी हे काम तिच्याकडे होतं. डिटेक्टर थंड करायचा नायट्रोजन उशिरा आला, दिवस फुकट गेला, आणि तिने आदल्या वर्षीचा कोरा दिवस उचलून तिथे चिकटवला. मधल्या काळात डिटेक्टरमागे काँक्रीटच्या ठोकळ्यांची नवी भिंत उभी राहिली होती, एवढंच. म्हणजे तीन वर्षं ती नुसती भिंत मोजत होती.

आणि सोमवारी कायमच्या नोकरीसाठी मुलाखत. भांडवल काय, तर तो एक लेख.

ती सरांच्या खोलीत गेली आणि सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. सरांनी चष्मा पुसला. तिने छापून आणलेले दोन्ही आलेख, लेखातला आणि आजचा, एकावर एक ठेवून खिडकीशी धरले.

"भिंतच आहे," ते म्हणाले. "मग केंद्रक कसं आहे?"

"माहीत नाही, सर."

"हं. मुलाखत सोमवारी ना?"

"हो." आता म्हणतील, मंगळवारी बघू. देवा, म्हणू दे!

"मग लेख मागे घेतल्याचं पत्र आजच जायला हवं."

तिचं डोकंच फिरलं. "तुमचं काय जातंय? आठ महिन्यांनी तुम्ही निवृत्त होऊन घरी बसणार!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"माझी तीस वर्षं जातायत," छत्री कुठेतरी विसरल्याचं सांगावं तसे सर म्हणाले. "तुझी तीन. बस, लिही."

तिला लाज वाटली, रडू आलं, राग तर होताच. तरी ती लिहायला बसली. 'माझ्या चुकीमुळे' असं तिने लिहिलं. सर ते खोडतील, अशी तिला वेडी आशा होती.

"राहू दे, खरं आहे," ते म्हणाले. "खाली लिही, तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही."

तिने लिहिलं. पत्र गेलं. सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"सोमवारी पहिलाच प्रश्न येईल, आकार कसा आहे. सांग."

"माहीत नाही," ती पुटपुटली.

"मान वर करून."